होमोजिनिअस डिफरन्शिअल इक्वेशन: ‘पुट वाय इज इक्वल टू व्हीएक्स’च्या मागे काय आहे

बारावी सायन्सच्या गणिताच्या दुसऱ्या भागात सहावं प्रकरण डिफरन्शिअल इक्वेशनचं. त्यातला व्हेरिएबल सेपरेबल (एक्स एका बाजूला, वाय दुसऱ्या बाजूला नेऊन सोडवायचा) हा प्रकार पोरांना पटकन जमतो. पुढे होमोजिनिअस, म्हणजे समघाती समीकरण आलं, की वहीतली पहिली ओळ ठरलेली: ‘पुट वाय इज इक्वल टू व्हीएक्स’. का, ते सहसा कोणी विचारत नाही आणि विचारलंच तर ‘पद्धत आहे’ असं उत्तर मिळतं. मग बीएस्सीच्या किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला हाच प्रकार थोडा वेष बदलून येतो, तेव्हा पद्धत अर्धी आठवते आणि अर्धी नाही. नागपुरात राहणाऱ्याला खरं तर हे पाठ करायची गरज नाही. त्याचं चित्र आपल्या शहराच्या मधोमध उभं आहे.

चिन्हांबद्दल आधी एक ओळ. वहीत तुम्ही एक्स आणि वाय लिहाल, इथे त्यांच्या जागी क्ष आणि य आहेत. व्हीच्या जागी ट. डीवाय बाय डीएक्स म्हणजे डय/डक्ष. ‘लॉग’ म्हणजे नैसर्गिक लॉग, ई पायाचा. क हा समाकलनाचा स्थिरांक, म्हणजे इंटिग्रेशन केल्यावर येणारा.

ओळखायचं कसं

समीकरण या रूपात लिहिता आलं की ते होमोजिनिअस:

डय/डक्ष = फ(य/क्ष)

म्हणजे उजव्या बाजूला क्ष आणि य सुटे सुटे नाहीत. जिथे असतील तिथे य/क्ष या गुणोत्तरातच आहेत.

आता नागपूरच्या मधोमध असलेला झिरो माईलचा दगड हा आलेखाचा आरंभबिंदू धरा. तिथून वर्धा रोड, अमरावती रोड, कामठी रोड, उमरेड रोड अगदी सरळ रेषेत निघालेत असं समजा. (प्रत्यक्षात तसे निघत नाहीत, पण कागदावर निघू द्या.) एकेका रस्त्यावर य/क्ष ची किंमत बदलत नाही, कारण ती त्या रस्त्याचा स्वतःचा चढ आहे. मग होमोजिनिअस असण्याचा अर्थ एवढाच, की एका रस्त्यावरच्या प्रत्येक बिंदूपाशी उकलीच्या वक्राचा चढ, म्हणजे डय/डक्ष, सारखाच असतो. वर्धा रोडवर अजनी चौकात जो चढ, तोच पार बुटीबोरीला. दगडापासून किती लांब आहात याला महत्त्व नाही, कोणत्या रस्त्यावर आहात याला आहे. आणि कोणता रस्ता हे सांगणारा आकडा म्हणजे य/क्ष. त्यालाच आपण ट म्हणतो. ‘पुट वाय इज इक्वल टू व्हीएक्स’ ही युक्ती नाही. ज्या एका गोष्टीवर चढ अवलंबून आहे, तिला नाव दिलं, एवढंच.

तपासायची झटपट रीत: क्ष आणि य दोघांनाही त्याच पटीत वाढवा, म्हणजे क्ष च्या जागी प·क्ष आणि य च्या जागी प·य घाला. प पूर्ण कटून गेला, उजवी बाजू जशीच्या तशी राहिली, तर होमोजिनिअस. (क्ष² + य²)/(२·क्ष·य) मध्ये वर प² आणि खाली प², दोन्ही कटतात. (क्ष² + य)/(क्ष·य) मध्ये कटत नाहीत. साइन(य/क्ष) चालतो, साइन(क्ष + य) नाही. लॉग य − लॉग क्ष दिसलं तर घाबरू नका, ते लॉग(य/क्ष) आहे. √(क्ष² + य²) ची डिग्री, म्हणजे बाहेर येणारा प चा घात, १ आहे, २ नाही. परीक्षेत इथे बरेच जण फसतात.

आणखी एक. लिनिअर समीकरणाची उजवी बाजू शून्य असली तर त्यालाही होमोजिनिअस म्हणतात. ती वेगळी गोष्ट आहे, इथे तिचा संबंध नाही.

पहिलं गणित, एकेक पायरी

डय/डक्ष = (क्ष² + य²)/(२·क्ष·य), आणि क्ष = १ असताना य = २.

पायरी १. उजव्या बाजूत य = ट·क्ष घाला. क्ष² वरून-खालून कटतो आणि उरतं (१ + ट²)/(२ट). या पायरीला क्ष शिल्लक राहिला तर थांबा. एक तर समीकरण होमोजिनिअस नाही किंवा आकडेमोड चुकली. पुढे गेलात तर नुसती पानं भरतील.

पायरी २. डाव्या बाजूला डय/डक्ष आहे, तिलाही ट मध्ये आणायचं. य = ट·क्ष हा दोन बदलत्या राशींचा गुणाकार, म्हणून गुणाकाराचा नियम लावायचा:

डय/डक्ष = ट + क्ष·(डट/डक्ष)

सगळ्यात जास्त मार्क याच ओळीत जातात. वही उघडली की दिसतं: डाव्या बाजूला नुसतं ‘डट/डक्ष’ किंवा ‘क्ष·डट/डक्ष’, आणि सुटा ट गायब. विचारलं तर उत्तर येतं, “सर, ट तर कॉन्स्टंटच आहे ना?” नाही बाबा. ट कॉन्स्टंट असता तर आपण एकाच रस्त्यावर अडकलो असतो आणि प्रत्येक उकल झिरो माईलमधून जाणारी सरळ रेषा निघाली असती. उकलीचा वक्र एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर सरकत जातो, म्हणून ट बदलतो. किती वेगाने सरकतो तेच डट/डक्ष सांगतं. (ही ‘कॉन्स्टंट’वाली शंका अगदीच वाया जात नाही. पुढे तिचा उपयोग होणार आहे.)

पायरी ३. दोन्ही बाजू जोडा आणि ट उजवीकडे न्या:

क्ष·(डट/डक्ष) = (१ + ट²)/(२ट) − ट = (१ − ट²)/(२ट)

पायरी ४. ट एका बाजूला, क्ष दुसऱ्या बाजूला:

२ट डट/(१ − ट²) = डक्ष/क्ष

कोणतंही होमोजिनिअस समीकरण घ्या, या पायरीला उजवीकडे डक्ष/क्ष च येणार. खरा घाम फक्त डाव्या बाजूला गाळायचा असतो. उजवीकडे दुसरं काही आलं तर मागे वळून पायरी ३ बघा.

पायरी ५. इंटिग्रेशन. डावीकडे −लॉग|१ − ट²|, उजवीकडे लॉग|क्ष| अधिक स्थिरांक. सगळे लॉग एका बाजूला घेतले की:

क्ष·(१ − ट²) = क

स्थिरांक लॉगच्या आतून बाहेर काढताना ‘नवा स्थिरांक’ म्हणून पुन्हा क लिहिला तरी हरकत नाही. मात्र अधिक-वजा दोन्ही चिन्हं आणि शून्यसुद्धा त्यात सामावतं का, हे लक्षात असू द्या.

पायरी ६. ट च्या जागी य/क्ष परत घाला. क्ष² − य² = क·क्ष.

पायरी ७. दिलेली अट वापरा. १ − ४ = क, म्हणजे क = −३. म्हणून य² = क्ष² + ३·क्ष, आणि सुरुवातीला य धन आहे म्हणून य = √(क्ष² + ३·क्ष).

आता पडताळा. दोन मिनिटं लागतात आणि ती सत्कारणी लागतात. य² = क्ष² + ३·क्ष चं अवकलन केलं की चढ (२·क्ष + ३)/(२य) येतो. मूळ उजव्या बाजूत क्ष² + य² म्हणजे २·क्ष² + ३·क्ष. त्याला २·क्ष·य ने भागलं की तेच: (२·क्ष + ३)/(२य). जुळलं.

सगळ्या पायऱ्या एका ओळीत मावतात. ही ओळ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

डट/(फ(ट) − ट) = डक्ष/क्ष

हे काही आजकालचं नाही. लायब्निझने १६९१ सालीच व्हेरिएबल वेगळे करण्याची आणि होमोजिनिअस समीकरणाला त्याच रूपात आणण्याची वाट काढली होती.

हरवलेल्या उकली

ही गोष्ट क्लासमध्ये घाईघाईत सुटते आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. पायरी ४ मध्ये आपण फ(ट) − ट ने भागलं. ते शून्य असेल तर भागता येत नाही. मग ज्या ट साठी फ(ट) = ट, त्यांचं काय?

मघाच्या शंकेकडे परत या. ट खरंच कॉन्स्टंट असेल तर डट/डक्ष शून्य, आणि समीकरण सांगतं फ(ट) = ट. म्हणजे अशा प्रत्येक ट साठी य = ट·क्ष ही सरळ रेषा स्वतःच एक उकल आहे. ज्या रस्त्यावर उकलीचा चढ आणि रस्त्याचा चढ एकच, त्या रस्त्यावर निघालात की तुम्ही तो सोडतच नाही.

पहिल्या गणितात १ − ट² = ० म्हणजे ट = १ किंवा −१, रेषा य = क्ष आणि य = −क्ष. या दोन्ही क = ० घातल्यावर क्ष² − य² = क·क्ष मधून निघतात, म्हणजे तिथे काही हरवलं नाही. पण प्रत्येक वेळी नशीब असं साथ देत नाही. हे बघा:

क्ष²·(डय/डक्ष) = क्ष·य + य²

क्ष² ने भागलं की फ(ट) = ट + ट², म्हणून फ(ट) − ट = ट². डट/ट² = डक्ष/क्ष, त्यातून −१/ट = लॉग|क्ष| + क, आणि शेवटी

य = −क्ष/(लॉग|क्ष| + क)

छान. आता प्रश्नात ‘क्ष = १ असताना य = ०’ अशी अट आली तर? क ची कोणतीही किंमत घाला, य शून्य होणार नाही. पोरं इथे ‘उत्तर नाही’ लिहून मोकळी होतात. उत्तर आहे: ट = ० वाली रेषा, य = ०. मूळ समीकरणात घालून बघा, दोन्ही बाजू शून्य. ती भागाकारात गळाली होती. म्हणून भागण्याआधी समासात ‘फ(ट) = ट कुठे?’ एवढं लिहून उत्तर काढून ठेवायची सवय लावा.

याच समीकरणात क्ष = १ ला य = १ घेतलं तर क = −१ येतो आणि य = क्ष/(१ − लॉग क्ष). ही उकल क्ष = ई, म्हणजे साधारण २.७१८ पर्यंतच चालते. तिथे छेद शून्य होऊन वक्र थेट वर निघून जातो. ‘उकल कुठपर्यंत वैध’ असा प्रश्न पदवीच्या परीक्षेत आला तर नुसतं सूत्र लिहून पूर्ण मार्क मिळत नाहीत.

जिथे एकही सरळ रस्ता उकल नाही

डय/डक्ष = (क्ष + य)/(क्ष − य)

इथे फ(ट) = (१ + ट)/(१ − ट) आणि फ(ट) − ट = (१ + ट²)/(१ − ट). वरचं १ + ट² कधीच शून्य होत नाही, म्हणजे सरळ रेषेची उकल नाही. पुढे:

(१ − ट) डट/(१ + ट²) = डक्ष/क्ष

डावी बाजू दोन तुकड्यांत फोडा. पहिल्याचं इंटिग्रेशन टॅन⁻¹ ट, दुसऱ्याचं −(१/२)·लॉग(१ + ट²). ट परत घातल्यावर लॉग|क्ष| आणि लॉग(१ + ट²) एकमेकांत मिसळून सुटसुटीत उत्तर येतं:

टॅन⁻¹(य/क्ष) = (१/२)·लॉग(क्ष² + य²) + क

डावीकडे कोन आहे, उजवीकडे आरंभबिंदूपासूनच्या अंतराचा लॉग. म्हणजे हा वक्र झिरो माईलभोवती फिरत फिरत बाहेर जाणारा लॉगॅरिदमिक स्पायरल आहे आणि तो शहराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक रस्त्याला बरोबर ४५ अंशांत छेदतो. अशा उत्तरातून य वेगळा काढायच्या फंदात पडू नका. आहे तसंच लिहा, पूर्ण मार्क मिळतात.

क्ष = ट·य कधी

समीकरणात क्ष/य ठाण मांडून बसला असेल, विशेषतः ई च्या घातात, तर य = ट·क्ष घेतल्यावर १/ट ची कटकट मागे लागते. अशा वेळी भूमिका उलट करा: डक्ष/डय लिहा, क्ष = ट·य घ्या. उदाहरणार्थ

डक्ष/डय = क्ष/य + ई^(−क्ष/य)

इथे ^ म्हणजे घात. डावीकडे ट + य·(डट/डय), उजवीकडे ट + ई^(−ट). दोन्हीकडचा ट कटतो, ई^ट डट = डय/य, आणि उत्तर ई^(क्ष/य) = लॉग|य| + क. दोन ओळींत काम झालं. हेच य = ट·क्ष घेऊन करून बघा, मग फरक कळेल.

आरंभबिंदू सरकलेला असेल तर

डय/डक्ष = (क्ष + य − ३)/(क्ष − य + १). ते −३ आणि +१ मध्ये कडमडतात, त्यामुळे होमोजिनिअस नाही. पण वरची आणि खालची रेषा कुठे भेटतात ते काढा: क्ष + य = ३ आणि क्ष − य = −१, म्हणजे (१, २). आरंभबिंदू तिथे नेला, क्ष − १ आणि य − २ यांना नवे अक्ष मानलं, की समीकरण मघाचंच होतं आणि उत्तरही. फक्त क्ष च्या जागी क्ष − १ आणि य च्या जागी य − २ लिहायचं:

टॅन⁻¹((य − २)/(क्ष − १)) = (१/२)·लॉग((क्ष − १)² + (य − २)²) + क

दोन्ही रेषा समांतर असल्या तर त्या भेटतच नाहीत आणि ही वाट बंद. उदाहरणार्थ (क्ष + य + १)/(२·क्ष + २·य − १). तेव्हा झ = क्ष + य घ्या. डझ/डक्ष = १ + (झ + १)/(२झ − १) = ३झ/(२झ − १), इथून व्हेरिएबल वेगळे होतात आणि २य − क्ष − लॉग|क्ष + य| = क मिळतं. भागताना झ ने भागलंय, म्हणून झ = ०, म्हणजे य = −क्ष, वेगळं तपासा. तीही उकल आहे, आणि क च्या कोणत्याही किमतीतून ती निघत नाही.

सोनेगावकडे येणारं विमान

पुस्तकाबाहेरचं एक गणित. नागपूरचं सोनेगाव विमानतळ आरंभबिंदू, क्ष पूर्वेला, य उत्तरेला. रायपूरच्या बाजूने एक विमान येतंय, सध्या बरोबर पूर्वेला २०० किमीवर. त्याचा स्वतःचा वेग ताशी ४०० किमी, आणि दक्षिणेकडून ताशी ४० किमीचा वारा आहे. वैमानिक नाक सतत विमानतळाकडेच ठेवतो. (खरे वैमानिक असं करत नाहीत. वाऱ्याचा हिशेब धरून नाक थोडं वाऱ्याच्या दिशेला वळवून ते सरळ मार्ग राखतात. आपला वैमानिक हट्टी आहे.)

वाऱ्याचा वेग भागिले विमानाचा वेग याला ग म्हणू, इथे ग = ०.१. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण वेग वेगळे काढून एकाला दुसऱ्याने भागलं की:

डय/डक्ष = य/क्ष − ग·√(क्ष² + य²)/क्ष

होमोजिनिअस! क्ष धन आहे म्हणून √(क्ष² + य²) = क्ष·√(१ + ट²) लिहिता येतं. क्ष ऋण असता तर मुळाबाहेर |क्ष| आला असता आणि चिन्ह उलटलं असतं, तेवढं जपा. पुढे:

डट/√(१ + ट²) = −ग·डक्ष/क्ष

सुरुवातीला क्ष = २०० आणि ट = ०. क्ष/२०० ला स म्हटलं, तर इंटिग्रेशननंतर ट + √(१ + ट²) = स^(−ग). आता √(१ + ट²) − ट हा याचा व्यस्त, म्हणजे स^ग, कारण दोघांचा गुणाकार १ आहे. एकातून दुसरं वजा केलं की वर्गमूळ आपोआप जातं:

२ट = स^(−ग) − स^ग

य = १००·(स^(१−ग) − स^(१+ग))

हे बोर्डाच्या पेपरात येणार नाही, पण ‘वर्गमूळ कसं घालवायचं’ ही अडचण नेहमी येते, आणि व्यस्ताची ही चाल तिथे हुकमी आहे.

ग = ०.१ ला विमान जास्तीत जास्त किती भरकटतं? य चं अवकलन शून्य ठेवलं की स^०.२ = ०.९/१.१, म्हणजे स सुमारे ०.३७. विमानतळ साधारण ७३ किमीवर असताना विमान सरळ रेषेपासून सुमारे ७.४ किमी उत्तरेला गेलेलं असतं, आणि तिथून वळत वळत सोनेगावला पोचतं. वारा वाढवत न्या. ग = १ झाला, म्हणजे वाऱ्याचा वेग विमानाच्या वेगाइतकाच, तर य = १००·(१ − स²). क्ष शून्याकडे जाताना य शून्याकडे जात नाही, १०० कडे जातो. हट्टी वैमानिक विमानतळाच्या उत्तरेला १०० किमीच्या आसपास नाक दक्षिणेला करून लटकत राहील. ग एकापेक्षा मोठा असेल तर १ − ग हा घात ऋण होतो, आणि य कुठे जातो ते तुम्हीच स ला शून्याकडे नेऊन काढा.